एक बुटकें स्टूल

अठ्ठावीस वर्षें मी एका व्यासपीठावर उभा राहून शिकवीत आलों आहें. व्यासपीठ हें भारदस्त नांव झालें. वस्तुतः ती लांकडी फळ्यांची वीतभर उंच अशी एक पायरी आहे. परंतु तेवढ्या वीतभर उंचीनें माणसाच्या आवाजांत काय फरक पडतो, हें ज्यानें कधीं वर्ग घेतला आहे त्यालाच कळेल. खालीं असतांना 'मला वाटतें' असें म्हणणारा गृहस्थ वर चढतांच 'असें आहे' म्हणूं लागतो! ह्या उंचीची मला इतकी संवय झाली होती कीं, जो शहाणा त्यानें वरून बोलावें आणि जो अजाण त्यानें खालून ऐकावें, ही व्यवस्था तपासून पाहण्याची बुद्धि मला कधीं झालीच नाहीं. ती झाली गेल्या वर्षीं, आणि ती एका बुटक्या स्टुलामुळें.

माझ्या पुतणीच्या मुलाला, म्हणजे नात्यानें माझ्या नातवालाच, पावसाळ्याच्या तोंडीं बारीक ताप येऊं लागला. वय वर्षें सात. चेहरा पांढुरका पडला. खेळून आल्यावर पाय दुखतात म्हणून तो रडूं लागला. आणि एके दिवशीं आंघोळ घालतांना त्याच्या आईला त्याच्या पोटऱ्यांवर, कोठें कांहीं लागलेलें नसतां, निळसर डाग दिसले. गांवच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें, आणि कागद हातीं देतांना ते पुतणीकडे न पाहतां माझ्याकडे पाहूं लागले. चार दिवसांनीं आम्ही मुंबईच्या एका रुग्णालयांत, लहान मुलांच्या कर्करोगाच्या विभागांत, येऊन पोंचलों. रोगाचें नांव ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत अधिक आढळतो, असें तेथें गेल्यावर कळलें. अशा माहितीनें कुणाचें समाधान होतें, देव जाणे.

डॉक्टर खोलींत शिरण्यापूर्वींच पुतणीनें त्यांना दारांत गांठलें. "पाया पडतें, डॉक्टर, पण त्याला कांहीं सांगूं नका," ती म्हणाली. मीहि मागें उभा राहून मान हलविली. डॉक्टरांनीं हो म्हटलें नाहीं, नाहीं म्हटलें नाहीं. "तुम्ही त्याच्याजवळ बसा," ते म्हणाले, "तो विचारील तेवढंच मी बोलेन."

कोपऱ्यांत पलंगावर चढण्यासाठीं ठेवलेलें एक बुटकें स्टूल होतें. डॉक्टरांनीं तें पायानें ओढून घेतलें आणि ते त्यावर बसले. पलंग उंच, स्टूल ठेंगणें. त्यामुळें त्यांना आतां मुलाकडे मान वर करून पाहावें लागत होतें. एवढा मोठा मनुष्य आपल्यापेक्षां खालीं बसलेला पाहून मुलाला थोडी मौज वाटली असावी. तो उशीवरून जरासा उठून बसला.

"तुला इथं कां आणलंय, ठाऊक आहे?" डॉक्टरांनीं विचारलें.

मुलानें आईकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि हळूच म्हटलें, "माझं रक्त खराब झालंय. आणि सगळे बाहेर जाऊन रडतात."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाहीं. आंत येतात तेव्हां डोळे लाल असतात."

मीं नकळत चष्मा पुसावयास घेतला.

मग डॉक्टरांनीं त्याला समजावून दिलें. आपल्या हाडांच्या आंत रक्ताचा एक कारखाना असतो. त्या कारखान्यांत सध्यां बिघडलेल्या पेशी फार तयार होत आहेत, त्यामुळें चांगल्या पेशींना जागाच उरत नाहीं. ह्याला ल्युकेमिया म्हणतात. तो शब्द ऐकतांच पुतणीनें पदर तोंडाशीं नेला. मुलानें मात्र एखाद्या नव्या क्रिकेटपटूचें नांव पाठ करावें तसा तो शब्द दोनदां म्हणून पाहिला. इंजेक्शनें द्यावीं लागतील का, असें त्यानें विचारलें. "हो, पुष्कळ," डॉक्टर म्हणाले. "दुखेल. फार दुखणारं असेल तेव्हां आधीं झोंपेचं औषध देऊं. पण जें दुखणार आहे तें दुखणार नाहीं, असं मी तुला कधीं सांगणार नाहीं. केंस जातील; औषध थांबलं कीं पुन्हा येतील." मुलगा बराच वेळ गप्प राहिला. नंतर चादरीकडे पाहत तो म्हणाला, "मी आईला न सांगतां गाडीवरचा बर्फाचा गोळा खाल्ला होता. दोनदां."

मला हंसूं आलें असतें. डॉक्टर हंसले नाहींत. "त्यानं हा रोग होत नाहीं," ते म्हणाले. "तूं कांहींहि केलेलं नाहींस. आईनं नाहीं, बाबांनींहि नाहीं. कुणाच्या चुकीमुळं हा झालेला नाहीं." हें शेवटचें वाक्य त्यांनीं मुलाकडे पाहत उच्चारलें, पण चार दिवस स्वतःचे अपराध मोजीत बसलेली त्याची आई तें ऐकून प्रथमच भिंतीला टेकून बसली.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांबरोबर चालूं लागलों. इंग्रजी ग्रंथांवर पोसलेल्या माणसाला आक्षेप घेतल्यावांचून राहवत नाहीं. मी म्हटलें, "सात वर्षांच्या मुलाला हें ओझं कशाला? अज्ञानांत जें सुख आहे तें तरी त्याला मिळूं द्यावं."

"अज्ञान कुठं आहे?" ते म्हणाले. "त्यानं तुमचे डोळे वाचले होते. मूल विचारतं तेव्हां निम्मं उत्तर त्याला ठाऊक असतं. आपण त्याच्यासंगतीं आहोंत, कीं त्याला त्या उत्तराबरोबर एकटं सोडून देणार आहोंत, एवढंच तें पाहत असतं. मी सगळं सांगत नाहीं. विचारील तेवढंच सांगतों. पण जें सांगतों तें खरं असतं. उद्यां पाठीच्या कण्यांत सुई घालतांना 'हलूं नकोस' म्हणून मी सांगणार. तेव्हां त्यानं माझ्यावर विश्वास ठेवायला हवा ना?" मग जरा थांबून त्यांनीं विचारलें, "तुमच्या घरांत पूर्वीं कुणी लहान मूल अशा आजारानं गेलंय का?"

मी "नाहीं" म्हणालों. तें खोटें होतें.

१९७७ सालीं मी दहा वर्षांचा होतों आणि माझी धाकटी बहीण सहा वर्षांची. तिलाहि असाच बारीक ताप येई. तिच्याहि पायांवर असेच डाग होते. कोणत्या शहरीं नेलें, कोणते उपचार झाले, ह्याची मला नीट आठवण नाहीं. कारण मला कुणी कांहीं सांगितलेंच नव्हतें. एवढेंच बजावलें होतें कीं, तिच्याजवळ आजाराचें नांव काढावयाचें नाहीं. ताप आहे, टॉनिकचीं इंजेक्शनें चाललीं आहेत, लौकरच बरें वाटेल. हा पाठ घरांतील प्रत्येकानें घोकला होता, आणि मी तर पाठांतरांत हुषार! शेवटच्या आठवड्यांत एकदां तिनें मला विचारलें, "दादा, सोमवारीं मी शाळेंत जाईन ना?" मीं शिकविल्याप्रमाणें "हो, जाशील" म्हटलें. तिनें माझ्याकडे बराच वेळ पाहिलें, आणि जणूं मलाच धीर द्यावा अशा स्वरांत ती "बरं" म्हणाली. मग उशीखालून सागरगोट्यांची पुरचुंडी काढून तिनें ती माझ्या हातीं ठेवली. "शेजारच्या मैत्रिणीला दे. मला आतां नकोत. आणि आईला सांगूं नकोस."

आम्ही तिच्यापासून जें लपवीत होतों तेंच ती आमच्यापासून लपवीत होती. फरक इतकाच कीं, आम्ही चौघें मिळून लपवीत होतों आणि ती एकटी. तिच्या पश्चात् आमच्या घरांत 'ती तापानें गेली' असेंच सांगण्याची रीत पडली; ती मीं डॉक्टरांपुढेंहि पाळली.

पुढें कॉलेजच्या ग्रंथालयांत मला मायरा ब्लूबाँड-लँगनर ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीचें १९७८ सालीं प्रसिद्ध झालेलें एक पुस्तक सांपडलें. ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांमध्यें राहून तिनें तें लिहिलें होतें. मुलांना आपल्या मरणाची जाणीव असते. तीं एकमेकांकडून, नर्सांच्या कुजबुजीवरून, आईबापांच्या चेहऱ्यांवरून सर्व कांहीं ताडतात. आणि वडील माणसांना तें बोलणें सोसणार नाहीं हें ओळखून तींहि न कळल्याचें सोंग करतात, असें तिला आढळलें. मीं पुस्तक मिटून परत केलें. सागरगोट्यांची पुरचुंडी काय होती, तें मला त्या दिवशीं समजलें.

त्यानंतर ह्या रोगाचा इतिहास वाचण्याचा मला नादच लागला. बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयांत सिडनी फार्बर नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांचें काम मृतांच्या अवयवांची परीक्षा करण्याचें. ल्युकेमियाचीं मुलें त्यांच्याकडे येत तीं मेल्यानंतर. जिवंतपणीं त्यांच्यासाठीं कुणालाच फारसें कांहीं करतां येत नसे. फार्बर ह्यांनीं प्रथम ह्या मुलांना फॉलिक आम्ल देऊन पाहिलें, तों रोग उलट बळावला. तेव्हां त्यांनीं नेमकें त्याच्या विरुद्ध काम करणारें औषध मागविलें. तें ज्या प्रयोगशाळेंत तयार झालें तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे, मद्रासला वैद्यक शिकून अमेरिकेस गेलेले, येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४७ च्या अखेरीपासून हें औषध देण्यास सुरुवात झाली, आणि १९४८ च्या जूनमध्यें फार्बर ह्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, १६ मुलांपैकीं १० मुलांना उतार पडला. उतार थोड्या महिन्यांचाच होता. पण त्यापूर्वीं तेवढाहि कुणी पाहिलेला नव्हता. मरणाऱ्या मुलांना सुखानें मरूं द्यावें, असें म्हणणारे सहकारीहि त्यांना भेटले. फार्बर ह्यांनीं औषधाबरोबर आणखी एक गोष्ट लावून धरली. मुलाचें औषध, त्याचें अन्न, त्याची भीति, आईबापांची चिंता आणि त्यांच्या पैशाची ओढाताण हीं सर्व एकाच रोगाचीं अंगें आहेत, आणि त्या सर्वांची काळजी एकाच छपराखालीं घेतली पाहिजे, असें ते म्हणत. ह्याला त्यांनीं संपूर्ण शुश्रूषा असें नांव दिलें होतें.

पुढें १९६२ सालीं मेंफिस येथें उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयांत डोनाल्ड पिंकेल ह्यांनीं अनेक औषधें एकत्र देऊन आणि मेंदूच्या आश्रयानें लपणाऱ्या रोगपेशींनाहि गांठून, १९७० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, निम्मीं मुलें बरीं होऊं शकतात. ह्या औषधांपैकीं एक, व्हिंक्रिस्टीन, सदाफुलीपासून निघतें. आमच्या अंगणांत विहिरीच्या कांठीं सदाफुलीचीं रोपें माजलेलीं असत, आणि देवपूजेचीं फुलें खुडण्याचें काम माझ्या बहिणीकडे होतें. सदाफुलीच्या पाल्यांतून औषध काढावयाचें म्हणजे मोठा खटाटोप. अंगणांतलीं रोपें आमच्या कांहीं उपयोगाचीं नव्हतीं, हें मला कळतें. १९७७ साल १९७० च्या नंतर येतें, एवढें गणितहि मला येतें. तें करून कांहीं होत नाहीं. तरी कांहीं रात्रीं मी तें करतों.

असो. नातवाच्या निमित्तानें मला त्या विभागांत पुष्कळ दिवस बसावयास मिळालें, आणि बुटक्या स्टुलावरून चालणारा कारभार जवळून पाहतां आला. तेथें एक नियम होता कीं, मुलाच्या स्वतःच्या पलंगावर त्याला शक्य तोंवर सुई टोचावयाची नाहीं. त्यासाठीं निराळी खोली. पलंग ही मुलाची निर्भय जागा. तेथें कुणी पांढरा अंगरखा घालून आलें तरी दचकण्याचें कारण नाहीं. औषध घ्यावयाचें कीं नाहीं, हें मुलाला विचारीत नसत, कारण त्या प्रश्नाचें एकच उत्तर चालण्याजोगें होतें. पण कोणत्या हाताला टोंचावें, आई उजवीकडे बसावी कीं डावीकडे, हें मात्र त्यालाच ठरवूं देत. कापडी बाहुलीला आधीं सुई टोंचून दाखवीत. एक शिक्षिका येऊन रोज तासभर गणित आणि मराठी घेई. शाळेचा अभ्यास कशाला, असें मीं विचारलें, तेव्हां डॉक्टर म्हणाले, "ज्याला उद्यां नाहीं त्याला कुणी गृहपाठ देत नाहीं, हें मुलांना पक्कं ठाऊक असतं."

आणखी एक प्रश्न ते प्रत्येक आईबापांना विचारीत. "घरीं दुसरीं मुलं आहेत का? त्यांना काय सांगितलंय?" हा प्रश्न मीं पहिल्यांदा ऐकला तेव्हां उठून बाहेर गेलों.

आईबापांशीं त्यांचें बोलणें बहुतेक पैशाविषयीं आणि बिऱ्हाडाविषयीं चाले. ह्या रोगाचा उपचार दोन-अडीच वर्षें चालतो. मूल जरा हिंडूंफिरूं लागलें, कीं मजुरी बुडालेला बाप गांवीं परततो, आणि उपचार अर्ध्यावर राहतो. रोग मात्र अर्ध्यावर राहत नाहीं. म्हणून रेल्वेच्या सवलतीचा कागद, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंतील जागा, किंवा २००६ सालापासून अशा कुटुंबांची विनामूल्य सोय करणाऱ्या सेंट ज्यूड इंडिया संस्थेची खोली, ह्यांसाठीं खटपट करणें हाहि तेथें औषधोपचाराचाच भाग होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणें श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकीं शेंकडा ८० हून अधिक बरीं होतात, तर अनेक गरीब देशांत शेंकडा ३० सुद्धां होत नाहींत. रोग तोच, औषधेंहि बहुतेक तींच. निदान होण्यास लागलेला वेळ, प्रवासाचें अंतर, बुडालेली मजुरी, असल्या गोष्टींत हीं मुलें हरवतात. २०३० पर्यंत जगभर निदान ६० तरी वांचवावीं, असा संकल्प त्या संघटनेनें २०१८ सालीं सोडला आहे.

परंतु जीं वांचत नाहींत त्यांच्यापुढें हें स्टूल काय करणार, ही शंका माझ्या मनांत होतीच. शेजारच्या पलंगावर मराठवाड्यांतील एक अकरा वर्षांची मुलगी होती. तिच्या पायाच्या हाडांतला रोग फुफ्फुसांत उतरला होता. डॉक्टर तिच्यापाशींहि तसेच बसले. तिनें सरळ विचारलें, "मी आतां बरी होणार नाहीं ना?" मी वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें. "हा रोग आतां मला घालवतां येणार नाहीं," डॉक्टर म्हणाले; "दुखणं घालवतां येईल, आणि तें मी घालवीन." ती थोडी रडली. मग म्हणाली, "पोळ्याच्या आधीं घरीं जायचंय मला. बैलांच्या शिंगांना मी रंग देतें." त्यांनीं तिला धाडलें. मॉर्फिनचें पातळ औषध कसें मोजून द्यावयाचें तें बापाला शिकविलें. त्याला वाचतां येत नव्हतें, म्हणून कागदावर सूर्य आणि चंद्र काढून वेळा लिहून दिल्या. आणि तेथील नर्स एक दिवसाआड दूरध्वनि करीत राहिली. पोळा झाला. त्यानंतर बारा दिवसांनीं निरोप आला.

त्या सकाळीं डॉक्टर नेहमीप्रमाणें नातवापाशीं येऊन बसले, पण कांहीं बोलेनात. "आज तुम्हांला काय झालंय?" मुलानेंच विचारलें.

"मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. "शेजारची ताई गेली."

मुलगा जरा वेळानें म्हणाला, "मलापण तसं होईल?"

"तुझा रोग निराळा आहे, आणि तुझीं औषधं चांगलं काम करताहेत. उद्यां तीं काम करेनाशीं झालीं, तर तेंहि मी तुलाच सांगेन."

मुलानें मान हलविली, आणि उशाशीं ठेवलेलें बिस्किट मोडून त्यांतलें अर्धें त्यांच्या पुढें केलें. तें त्यांनीं तेथेंच बसून खाल्लें.

आतां तो घरीं आहे, शाळेंत जातो, रोज गोळ्या घेतो, आणि नेमल्या दिवशीं मुंबईस जाऊन येतो. तो बरा झाला, असें मी लिहिणार नाहीं. डॉक्टरहि अजून तसें म्हणत नाहींत. गेल्या दिवाळींत तो आमच्याकडे आला होता. नवे केंस कुरळे आले आहेत, त्याचा त्याला फार अभिमान. माझ्या खोलींतील भिंतीवर एका मुलीचें जुनें छायाचित्र आहे, त्यापुढें उभा राहून त्यानें विचारलें, "आजोबा, ही कोण?"

"माझी बहीण."

"ती कशानं गेली?"

अठ्ठेचाळीस वर्षें ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांत तयार होतें, आणि तें माझ्या जिभेवरहि आलें. मी देवघरांतला पाट ओढून घेतला. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना पाटावर बसणें सोपें नव्हे; पण बसलों, आणि मान वर करून त्याला सांगितलें, "तुला जो आजार झालाय ना, बहुधा तोच तिला झाला होता. तेव्हां आम्हांला तो बरा करतां आला नाहीं."

तो विचारांत पडला. "तिला कुणी सांगितलं होतं?"

"नाहीं."

"कां?"

"आम्हांला भीति वाटत होती."

त्यानें छायाचित्राकडे पुन्हा एकदां निरखून पाहिलें, आणि ज्याला ठाऊक आहे अशा माणसानें विचारावें तसें विचारलें, "तिला सुई कुठल्या हाताला टोंचत होते?"

मला आठवेल असें वाटलें नव्हतें, पण आठवलें. "डाव्या," मी म्हणालों.